ड्रिल मशीन, घामेजलेला हात आणि हिरवी वायर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी एका तरुण सुताराला त्याचा मोठा भाऊ मोटारसायकलवर माझ्या दवाखान्यात घेऊन आला. सागवानी दाराला छिद्रे पाडताना ड्रिल मशीनचा शॉक लागला होता. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता. ‘‘मशीन सोडाची होती जी, पण हातच उघडे ना,’’ एवढेच सारखे सांगत होता. भावाने धावत जाऊन बोर्डाचे बटण बंद केले म्हणून तो सुटला. तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट डाग होता आणि उजवा खांदा दुखत होता.

हात का उघडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. लोक म्हणतात, वीज माणसाला ओढून धरते. तसे काही नसते. वीज हातातून गेली की दंडापासून बोटांपर्यंतचे सगळे स्नायू एकदम आकसतात. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्यामुळे मूठ आवळलीच जाते. अमेरिकेतील चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा मोजली. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साधारण साडेदहा. त्यापुढे माणूस आपल्या इच्छेने हात सोडवू शकत नाही. ड्रिल, ग्राइंडर किंवा कटर ही यंत्रे मुळातच मुठीत धरायची, म्हणून त्यांचा शॉक अधिक घातक. पंख्याला ओझरता हात लागणे वेगळे.

आता थोडे गणित करू. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा विरोध काही हजारांपासून लाख ओहमपर्यंत असू शकतो. पण पारा ४४ च्या पुढे, हात घामाने निथळतोय, पाय अनवाणी आणि खाली नुकतीच पाणी मारलेली फरशी, अशा वेळी तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० ला हजाराने भागा. २३० मिलिअँपिअर झाले. शंभराच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही.

येथे कुणी म्हणेल, आमच्याकडे फ्यूज आहे, एमसीबी आहे. वाचकहो, ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणूस दगावेल, पण फ्यूज शाबूत राहील. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी असते ती हिरवी वायर. त्या सुताराच्या भावाला मी प्लगबद्दल विचारले. प्लग केव्हाच तुटला होता. दोन वायरी सोलून सॉकेटमध्ये खोचायच्या आणि वर काडीपेटीच्या काड्या ठोकायच्या, असे चालले होते. ‘‘आणि हिरवी?’’ ‘‘तिचं काय काम जी? कापून टाकली.’’

काम असे. मशीनच्या आतल्या गुंडाळीचे आवरण झिजले की तिचे धातूचे अंग विजेने भारले जाते. हिरवी वायर शाबूत असेल तर ती वीज सरळ जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. वायर कापली की जमिनीकडे जायला एकच वाट उरते, ती म्हणजे मशीन धरणारा माणूस. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे.

मात्र वायर असूनही भागत नाही. कित्येक घरांत सॉकेटचे वरचे छिद्र नुसते शोभेचे असते, मागे काही जोडलेलेच नसते. जोडले असेल तर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. प्लॅस्टिकच्या अंगाच्या काही मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी आवरण असते, हिरवी वायर लागत नाही. पण केबल कापली गेली किंवा आत पाणी शिरले तर तीही धोक्याची. फरशी कापताना कटरवर पाणी सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावर उत्तम उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात प्रवाह तोडतो. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात तो बसला तो या मुलाला पाहिल्यानंतर, हेही कबूल करतो.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी वीज बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वेगळे करा. श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. वाळूत किंवा मातीत पुरल्याने वीज उतरते हा समज अजून आपल्याकडे आहे. अंगात उतरवण्यासारखी वीज उरलेलीच नसते. त्या खटाटोपात मोलाची मिनिटे मात्र जातात.

बेशुद्धी, छातीत धडधड, भाजल्याची जखम किंवा तांबूस-काळसर लघवी असेल तर रुग्णालयात जावेच. बाहेरचा डाग लहान असला तरी आतले स्नायू जळालेले असू शकतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. गरोदर बाईने शॉक किरकोळ वाटला तरी तपासून घ्यावे.

त्या मुलाचा ईसीजी ठीक निघाला, लघवीही स्वच्छ. समोरून काढलेला खांद्याचा एक्स-रेही साधारण दिसत होता. पण हात बाहेरच्या बाजूला वळेना, म्हणून बाजूने दुसरा काढायला लावला. शॉकच्या झटक्याने खांदा मागच्या बाजूला निखळला होता. समोरच्या एक्स-रेत हे हमखास निसटते. भूल देऊन तो बसवला आणि हात झोळीत बांधून तीन आठवडे घरी ठेवला. चौथ्या आठवड्यात तो आला तेव्हा पिशवीत ड्रिल मशीन होते. नवी केबल, नवा थ्री-पिन प्लग. ‘‘हिरवी लावली जी,’’ म्हणाला. मी स्क्रू उघडून पाहिले. लावली होती.