आधी त्याच्या घरी जा

बाळा, यंदा मंडळीच्या पंच कमिटीत तुझं नाव आलं, आत्याला फार बरं वाटलं. आता तिरसट माणसांशी दर रविवारी गाठ पडणार. कुणी हिशेबातल्या पाच रुपयांवरून सभा अडवून धरेल. कुणाला नाताळच्या जेवणात शेवटच्या पंगतीला बसवलेलं असेल, तो राग ईस्टरपर्यंत पुरेल. अशांवर प्रीती कर हे पुलपिटावरून सगळेच सांगतात. ती करायची कशी, ते मी सांगते.

ज्याच्याशी बिनसलं त्याच्याकडे एकट्यानं जायचं, आणि लवकर जायचं. मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूनं क्रमच लावून दिलाय: आधी तुम्ही दोघं, मग एकदोन साक्षीदार, त्यानंतर मंडळी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. गावभर बोभाटा होतो आणि त्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. प्रार्थनासभेत कुणी ‘अमक्याच्या स्वभावासाठी प्रार्थना करू या’ म्हणालं, तर ती चहाडीच समज. त्याआधी तू त्याच्या घरी जाऊन आलेला असावास.

फोनवर उरकू नकोस. चहा ठेवला तर घे. कमिटीचा विषय लगेच काढू नकोस, आधी गुडघ्यांचं विचार, पुण्याला गेलेल्या मुलाचं विचार. रागामागचं कारणही शोध: वर्षानुवर्षं पेटी वाजवणाऱ्याची जागा त्याला न विचारता दुसऱ्याला दिली, तर तो प्रत्येक गाण्यात खोट काढणारच. त्याला पोरांना शिकवायचं काम दे, पण मन राखायला म्हणून नको, खरंच गरज असेल तरच. दिखाऊ मान माणसाला लगेच कळतो. आणि उपदेशाची घाई नको: एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

आता नीट ऐक. तुझा अपमान झाला तर गिळायला शीक, पण दुसऱ्याचा होत असेल तर गप्प बसू नकोस. संडे स्कूलच्या पोरीवर, झाडलोट करणाऱ्या बाईवर कुणी डाफरलं, तर तिथल्या तिथे म्हणायचं, “काका, तिच्याशी असं नका बोलू.” आवाज चढवायचा नाही, पण सोडायचंही नाही. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, प्रार्थना कर’ म्हणणाऱ्यांत तर कधीच बसू नकोस. तिला आधी सुरक्षित ठिकाणी पोचव.

एवढं करूनही काहींशी जमणार नाही. मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं वाजलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. पुढे त्याच पौलानं तीमथ्याला पत्र लिहून मार्काला सोबत आणायला सांगितलं. तेव्हा एका कामात कुणाशी पटत नसेल तर वेगळं काम घे, मात्र सलाम बंद करू नकोस. त्याच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, तर निरोपाची वाट न बघता जा.