मिटत्या चाकूचे तीन नमुने: रामपूर, फ्रान्स आणि जपान

कटलरीच्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणाने एक गोष्ट आधी शिकावी. चाकू पात्यावरून जोखू नये, सांध्यावरून जोखावा. उघडलेले पाते जागेवर कशाने राहते आणि काम करताना ते बोटांवर मिटू नये म्हणून काय सोय आहे, यावरून चाकूची किंमत आणि त्याचे गिऱ्हाईक ठरते. उत्तर प्रदेशातील रामपूर, फ्रान्सचा साव्हुआ प्रांत आणि जपानमधील मिकी गाव इथले तीन जुने नमुने शेजारी ठेवून पाहू.

सर्वात साधा मिकीचा ‘हिगोनोकामी’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिव्हेट आणि पाते, बस्स. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या बुडाशी छोटी शेपटी असते. ती अंगठ्याखाली दाबून धरली की पाते उघडे राहते. जपानी शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिली तासत. बनवायला स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण अंगठा सुटला तर भरवसा नाही.

साव्हुआचा ‘ओपिनेल’ 1890 साली जोसेफ ओपिनेल याने काढला. बीच लाकडाची मूठ, तिला करवतीने पाडलेली खाच, खाचेत मिटणारे पाते. सुरुवातीला हाही नुसत्या घर्षणावरच उभा राहायचा. 1955 साली मुठीच्या तोंडाशी फिरणारे धातूचे कडे आले. पाते उघडून कडे फिरवले की खाच बंद होते आणि पाते मिटत नाही. इतक्या थोड्या खर्चात इतकी सुरक्षितता देणारी युक्ती या धंद्यात क्वचितच सापडेल. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पाते उघडता उघडत नाही, हा त्याचा दोष. कार्बन पोलादाचे पाते लिंबू-कांदा कापून तसेच ठेवले तर काळे पडते, गंजतेही. विकताना गिऱ्हाइकाला हे सांगावे, म्हणजे तक्रार येत नाही.

पण ओपिनेलची खरी हुशारी धंद्याची आहे. 1897 मध्येच त्याने 1 ते 12 क्रमांकांची मापे ठरवून दिली. शेतकऱ्याला एक, गुराख्याला दुसरे. पुढे 1 आणि 11 क्रमांक बंद झाले, बाकीची शिडी टिकली. 8 क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, 10 क्रमांकाचे दहा. आपापल्या कामाचा क्रमांक गिऱ्हाईकच सांगतो.

आता रामपुरी. कारागिरी म्हणून तिघांत हाच वरचढ, असे आमचे मत आहे. लांब पाते, कमानीची स्प्रिंग, आणि खटका सोडल्याशिवाय न मिटणारा सांधा. ही कमान नेमकी बसवणे हे हाताचे काम आहे. कमान सैल असेल तर पाते डुलते, फार ताठ असेल तर उघडताना त्रास. मुठीला पितळ, शिंग, लाकूड, ज्याची जशी ऐपत. परंतु पाते 9 ते 12 इंचांचे! एवढ्या पात्याने घरात कोणी सफरचंद कापत नाही. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हातात दिला आणि लोकांच्या मनातही तो तिथेच राहिला. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी घातली आणि रामपूरचा बाजार बसला. कित्येक कारागिरांचे हुनर रिकामे झाले. मार्च 2023 मध्ये रामपूरच्या चौकात 20 फुटी चाकू उभारला गेला, पण पुतळ्याने भट्टी पेटत नाही.

भीतीने बाजार बसतो हे मिकीनेही पाहिले. 1960 साली टोकियोत समाजवादी नेते असानुमा यांचा एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत आखूड तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हाती चाकू देऊ नका, अशी मोहीम देशभर चालली. हिगोनोकामीचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता, तरी फटका त्यालाच बसला. पुढे त्या नावाने चाकू घडवणारा जेमतेम एक जुना कारखाना उरला.

आता हिशेब पाहा. साडेचार इंच म्हणजे सुमारे 11.4 सेंटिमीटर. ओपिनेलचे 8 आणि 10 दोन्ही क्रमांक त्यात सहज बसतात, 12 सेंटिमीटर पात्याचा 12 क्रमांकच काय तो बाहेर जातो. म्हणजे बंदी पात्याच्या लांबीवर होती, कमानीवर नव्हती. भारतीय शस्त्र नियमांतही 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची मर्यादा सांगताना घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत. मग बागायतदाराला कलमे करायला, फळवाल्याला फोडी करायला चार इंची रामपुरी का नको? कमान तीच, खटका तोच, मूठ पितळेची. माल घेताना पाते उघडून आडवे हलवावे, डुलले तर परत करावे. खटका दहा वेळा सोडून पाहावा. आणि मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावते का, हे बोटाने नव्हे, कापडाने तपासावे.