शिरोघात आणि श्वासमार्ग

शिरोघातात मेंदूवरील पहिला आघात अपघातस्थळीच होऊन जातो. प्राणवायूच्या अभावाचा दुसरा आघात मात्र आपणांस टाळता येतो. बेशुद्ध रुग्णाची जीभ मागे पडून श्वासमार्ग रोखते. मानेच्या मणक्यासही इजा असल्याचे गृहीत धरून, मान न हलविता, जबडा पुढे उचलावा. रक्त व उलटी शोषून काढावी आणि प्राणवायूची संपृक्तता ९० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलवर गुण ८ किंवा त्याहून कमी असल्यास श्वासनलिकेत नळी घालावी. कवटीच्या तळाचा अस्थिभंग संभवत असल्यास ती नाकावाटे घालू नये. अतिवेगाने श्वास देणेही घातक. कर्बवायू घटून मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. नागरिकांनी अशा रुग्णास पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जाते. १०८ क्रमांकास त्वरित कळवावे.