झीलकरी आणि ग्रीक कोरस

प्रश्न : आमच्याकडे जत्रेतल्या तमाशात शाहिराच्या मागे उभे राहून झीलकरी सूर धरतात. ग्रीक नाटकातला कोरस म्हणजे हेच का? (एक वाचक, लासलगाव, जि. नाशिक)

उत्तर : गाण्यापुरतं हो, नाटकातल्या कामाच्या दृष्टीने नाही. झीलकरी शाहिराची ओळ उचलतात, ध्रुपद लावून धरतात, त्याला दम घ्यायला उसंत देतात. म्हणणं मात्र शाहिराचंच असतं. ग्रीक कोरसला स्वतःचं म्हणणं असतं, कारण तो नाटकातलं पात्रच असतो. कुठे नगरातले वृद्ध, कुठे आश्रय मागायला आलेल्या मुली.

मुळात हे समूहगान नाटकाआधीचं. डायोनायसस देवासाठी पन्नास जणांचा मेळा गात-नाचत असे. पिंडारसारखे कवी खेळांत जिंकलेल्यांसाठी अशीच समूहगीतं रचत. शोकनाट्यात कोरस बारांचा होता, नाटककार सोफोक्लीसने तो पंधरांचा केला असं परंपरा सांगते. सगळे मुखवटे घालून, ऑलॉस या सनईसारख्या वाद्याच्या साथीवर गात.

इस्किलसच्या 'अॅगामेम्नॉन'मध्ये (इ.स.पू. ४५८) राजाचा खून होतो तो प्रसंग पाहा. आतून राजाची किंकाळी येते. बाहेर आर्गोसचे वृद्ध उभे आहेत. एकेक जण आपलं मत मांडतो: लोकांना हाक मारू, आत घुसू, आधी खात्री करून घेऊ. आत कोणीच जात नाही. भल्या माणसांच्या जमावाचं इतकं खरं चित्र मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जातं ते विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. तिथेही बारा ब्राह्मणांची रांग गाते, डुलते, पाठ फिरवली की तिचाच पडदा होतो. तेंडुलकरांनी ही धाटणी आपल्या लोकनाट्यातून उचलली, ग्रीकांकडून नव्हे. शिवाय आर्गोसचे वृद्ध नुसते थबकतात. ही रांग पापात सामील आहे. पडद्याआड काय चाललंय ते तिला ठाऊक असतं आणि तोंडाने देवाचं नाव चालू असतं. म्हणून मला ती ग्रीक कोरसपेक्षाही जास्त बोचते.

संहिता मिळाली तर नाना फडणवीस आणि घाशीराम यांचे संवाद वाचून थांबू नका. रांगेच्या ओळी चार जणांनी मिळून मोठ्याने म्हणून पाहा.