स्विचच्या ड्रायव्हरमधील दोष : शोध आणि दुरुस्ती

ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची पटनोंदणी, टपाल कचेरीतील बचत खाती ही कामे आता संगणकांच्या जाळ्यावर चालतात. जाळे थांबले की प्रथम तार किंवा वीज यांवर संशय येतो व पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु तार शाबूत आहे, दिवेही लागलेले आहेत आणि तरीही निरोप पोहोचत नाही, अशा वेळी दोष आज्ञावलीत असू शकतो. अशा एका दोषाचा परिचय येथे करून देण्यात येत आहे.

स्विचचे कार्य

आलेले पाकीट योग्य तारेवर सोडणे हे स्विचचे काम होय. स्विचकडून हे काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. अनेक राउटरांत लिनक्स ही कार्यप्रणाली असते. राउटरमधील संगणक व स्विच यांच्यात बहुधा एकच जोडणी असते. म्हणून पाकीट कोणत्या दारातून बाहेर जावे हे सांगणारी लहानशी खूणचिठ्ठी त्याला जोडतात. काही स्विच ही चिठ्ठी पाकिटाच्या अगदी शेवटी शोधतात.

दोष कसा उद्भवतो

समजा, ग्वाल्हेरच्या माधवगंजातील एखाद्या शाळेत नवा संगणक जोडला. राउटर प्रथम “हा पत्ता कोणाचा?” अशी पृच्छा सर्वांना करतो. या पृच्छेची पद्धत १९८२ साली ठरली. तिचे पाकीट अवघे ४२ बाइटांचे असते. परंतु इथरनेटच्या नियमानुसार तपासणीचे ४ बाइट सोडून ते किमान ६० बाइटांचे असावे लागते. उरलेली जागा शून्यांनी भरतात.

खूणचिठ्ठी २ बाइटांची असेल व ती आधी जोडली, तर पाकीट ४४ बाइटांचे होते. त्यानंतर १६ शून्ये भरली म्हणजे चिठ्ठी मध्येच अडकते. स्विच शेवटचे २ बाइट वाचतो. तेथे त्याला शून्येच मिळतात. साहजिकच पाकीट ठरलेल्या दारी जाईलच याचा भरवसा राहत नाही. मोठ्या पाकिटांना भराव लागत नाही. ज्याचा पत्ता आधीच ठाऊक आहे त्या संगणकाशी मोठ्या पाकिटांचा व्यवहार सुरळीत चालतो. म्हणूनच हा दोष चकवितो व चांगले यंत्र विनाकारण बदलले जाते.

दुरुस्ती

उपाय क्रम बदलण्याचा आहे. प्रथम १८ शून्ये भरून ६० बाइट पूर्ण करावेत, नंतर चिठ्ठी जोडावी. एकूण ६२ बाइट होतात व चिठ्ठी शेवटीच राहते. पूर्वी लिनक्समध्ये ही दक्षता प्रत्येक प्रकारच्या चिठ्ठीच्या आज्ञावलीने स्वतंत्रपणे घ्यावी लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती एका मध्यवर्ती ठिकाणी आणण्यात आली. एकाने विसरले तरी दोष पुन्हा शिरू नये, हा त्यातील लाभ होय.

ध्यानात ठेवण्याजोगे

कार्यालयांनी तक्रार नोंदविताना केवळ “जाळे बंद” असे न लिहिता काय चालते, काय चालत नाही, कोणता बदल केल्यापासून बिघाड झाला, हे लिहावे. दुरुस्ती करणाऱ्यास याच नोंदीवरून दोषाचे स्थान सापडते. शिक्षकांनी वरील बेरजा फळ्यावर दोन्ही क्रमांनी मांडून दाखवाव्यात. आज्ञा त्याच असूनही त्यांचा क्रम चुकल्यास काम कसे बिघडते, हे विद्यार्थ्यांना त्यावरून सहज उमगेल.