उजनीकाठचं फार्महाऊस

प्रश्न : दौंड तालुक्यात खानोट्याजवळ, उजनीच्या फुगवट्यालगत आम्ही छोटं घर बांधतोय. पाण्यापर्यंत हिरवळ लावावी का? सेप्टिक टँक कुठे घ्यावा?

उत्तर : हिरवळ नकोच. तिचं खत पावसाबरोबर थेट जलाशयात उतरतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येतंच. जलपर्णी त्यावरच माजते. त्यात आपली भर कशाला? काठचं लव्हाळं, पाणकणीस राहू द्या. ते गाळ अडवतं, पक्ष्यांना आसरा देतं. मोकळ्या जागी करंज, जांभूळ, उंबर लावा.

टँकची जागा मात्र मे महिन्यात पाहून ठरवू नका. तेव्हा पाणी दूर हटलेलं असतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. धरण भरलं की तेच पाणी कुंपणाशी येतं. शोषखड्डा भिजला, तर मैला जलाशयात गेलाच म्हणून समजा. म्हणून पूर्ण भरलेल्या पाण्याची रेषा धरून, उंचावर बांधा. संपादित जमिनीची हद्द जलसंपदा विभागाकडून तपासून घ्या. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकाम करूच नका.

हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा पाण्याकडचे दिवे बंद ठेवा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.