दात सरकविणारे साचे आणि संगणकाचा हिशेब

मुलांचे वाकडेतिकडे दात सरळ करण्यासाठी आता तारेऐवजी पारदर्शक साचेही मिळतात. त्यांना अलाइनर म्हणतात. "सगळा हिशेब संगणक करतो, चुकण्याचा प्रश्नच नाही," असे ऐकून आईबाप विचारतात, हे खरे काय? खर्च मोठा असतो आणि पक्का दात एकदा गेला की पुन्हा येत नाही. म्हणून हा हिशेब कसा होतो व तो कोठवर भरवशाचा आहे, ते आज आपण पाहू.

1. दात कसा सरकतो?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. दातावर मंद व सततचा जोर आला की अस्तर जिकडे दाबले जाते तिकडचे हाड हळूहळू विरते आणि जिकडे ताणले जाते तिकडे नवे हाड भरते. जोर फार झाला तर अस्तरातील रक्तपुरवठा अडतो, दात सरकायचा थांबतो व मुळे झिजण्याचा धोका वाढतो. घाईने येथे काम बिघडते.

साचा सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकचा असतो. दात जेथे आहे तेथून साधारण पाव मिलिमीटर पुढची जागा त्यात कोरलेली असते. तो बसवला की ताणला जातो व मूळ आकारावर येऊ पाहतो. तोच दातावरचा जोर. साचा दिवसातून 20 ते 22 तास घालावा लागतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा चढवतात.

2. खांबाचा दाखला

ओल्या मातीत रोवलेला कुंपणाचा खांब वरच्या टोकाला ढकला. तो सरळ सरकत नाही, कलतो. वरचे टोक पुढे जाते, मातीतले टोक मागे येते. साचाही दाताला फक्त हिरडीवरच्या भागात धरतो, म्हणून दात सरकण्याऐवजी कलू लागतो. हे टाळण्यासाठी दंतवैद्य दातावर दाताच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवतात. त्यांच्यावर साच्याचा दाब येऊन उलट पीळ बसतो व मूळही सोबत चालते.

दात कलविण्यास 35 ते 60 ग्रॅम वजनाइतका, उभा सरकविण्यास 70 ते 120 ग्रॅम आणि आत दाबण्यास 10 ते 20 ग्रॅम इतकाच जोर योग्य मानतात. यातला मोठ्यात मोठा आकडाही अदपावाच्या आत आहे.

3. संगणक काय करतो?

वेड्यावाकड्या बांधांचे शेत मोजताना त्याचे त्रिकोण पाडतात, प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढतात व बेरीज करतात. संगणकाची रीत अशीच आहे. तिला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. विमानाच्या बांधणीचा ताण काढण्यासाठी टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी 1956 साली अमेरिकेत तिच्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि 1960 साली क्लफ यांनी तिला हे नाव दिले. दाताच्या बाबतीत दात, अस्तर, हाड व साचा यांचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकाला त्याचा कठीणपणा ठरवून देतात. मग कोठे किती दाब येईल ते संगणक काढतो. उंचवटा कोठे व कसा असावा, हे ठरविण्यास अशा अभ्यासांचा मोठा उपयोग झाला आहे.

4. हिशेब कोठे अपुरा पडतो?

अस्तराचा मऊपणा बहुधा गृहीत धरलेला असतो, पण तो माणसागणिक वेगळा असतो. तोंडातील उष्णतेने व ओलाव्याने साच्याचा ताण लवकर सैल पडतो. शिवाय असा हिशेब बहुतेक वेळा पहिल्या क्षणाचा असतो, तर हाड बदलण्यास महिने लागतात. आणखी एक गोष्ट. दवाखान्यात पडद्यावर दात सरळ होताना दाखवतात, ते चित्र बहुधा दातांच्या जागांचे असते. जोराचा हिशेब त्यात असेलच असे नाही.

5. आपण काय करावे?

(अ) हिरड्या व किडलेले दात आधी बरे करून घ्यावेत.
(आ) मुळे व हाड दाखविणारा एक्स-रे काढल्यावाचून उपचार सुरू करू नये.
(इ) मधल्या काळात तपासणी कोण व किती दिवसांनी करणार, ते विचारावे. टपालाने साचे मागवून आपणच घालू नयेत.
(ई) साचा गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा आकार बिघडतो.
(उ) दात फार हलू लागला किंवा दुखणे थांबेना, तर पुढचा साचा न चढवता दंतवैद्याकडे जावे.
(ऊ) उपचार संपल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा सांगितल्याप्रमाणे घालावा, नाहीतर दात मागे फिरतात.

संगणकाचा हिशेब उपयोगी आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण मोजणीचा नकाशा कितीही चांगला असला तरी जमीन पायाखाली घातल्यावाचून आपण शेत विकत घेत नाही. दातांच्या बाबतीत ते पाहणे जाणत्या दंतवैद्याचे काम आहे.